माऊसचं चाक फिरतंय पण पान हलत नाहीये, मग हे करून बघा

स्क्रोल चालत नाहीये असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, चालत नाहीये म्हणजे नक्की काय होतंय? कारण लोक एकाच वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. एकाचं चाक कितीही फिरवलं तरी कुठेच काही हलत नाही, दुसऱ्याचं ब्राउझरमध्ये मस्त चालतं पण एक्सेलमध्ये नाही, तिसऱ्याचं पान खाली जाता जाता मध्येच वर उडी मारतं, आणि चौथ्याचं पान सरकायच्या ऐवजी लहानमोठं होत बसतं. चौघांचं कारण वेगळं, उपाय पण वेगळा, आणि यातल्या निदान दोघांच्या माऊसला काहीही झालेलं नसतं, तरी घाईघाईने नवीन माऊस आणला जातो आणि तो पण तसंच करायला लागला की डोक्याला हात.

म्हणून आधी आपलं दुखणं यातलं कुठलं ते ठरवा. एकदा ते ठरलं की अर्धं काम झालं, सगळा लेख वाचायची पण गरज नाही, आपापल्या भागावर जा.

तोपर्यंत काम अडायला नको म्हणून, कीबोर्डवर पेज डाउन आणि पेज अप आहेच, ब्राउझरमध्ये स्पेसबार दाबला की एक स्क्रीनभर पान खाली जातं, शिफ्ट धरून स्पेसबार दाबला की वर येतं, होम आणि एंडने पानाच्या टोकाला पोचता येतं. अजून एक, विंडोजवर ब्राउझरमध्ये रिकाम्या जागी चाक खाली दाबा, फिरवायचं नाही, नुसतं बटनासारखं दाबायचं. बाणांचं एक गोल चिन्ह येईल, आता माऊस थोडा खाली ओढला की पान आपोआप खाली सरकायला लागतं, जितकं लांब ओढाल तितकं जोरात. चाकाचं फिरणं मेलेलं असलं तरी दाबणं बहुतेक वेळा जिवंत असतं कारण ते आतमध्ये वेगळंच बटन असतं, त्याबद्दल पुढे येईलच.

पहिलं काम : दोष माऊसचा की कॉम्प्युटरचा

हाच माऊस दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे पण चाक गप्प असेल तर माऊसच बिघडलाय, सेटिंग खणत बसू नका, सरळ खाली 'आता माऊसच्या आत' या साफसफाईच्या भागात जा. तिथे व्यवस्थित चालला तर माऊस निर्दोष आहे आणि गडबड तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर उलटं करा, कोणाचा तरी दुसरा माऊस मागून आपल्या कॉम्प्युटरला लावा. दोन मिनिटांचं काम आहे पण कंटाळा करून लोक हेच सोडतात आणि मग तासभर ड्रायव्हर, म्हणजे माऊस चालवणारा कॉम्प्युटरमधला छोटा प्रोग्राम, काढ-घाल करत बसतात.

ही चाचणी करताना एकाच प्रोग्रामवर विश्वास ठेवू नका. ब्राउझरमध्ये एखादं लांब पान, नोटपॅडमध्ये भरपूर ओळी आणि एखादा फोल्डर ज्यात खूप फाइली आहेत, अशा तीन ठिकाणी फिरवून बघा. दोन ठिकाणी चाललं आणि एका ठिकाणी नाही तर तो प्रोग्राम दोषी, बाकी कशाला हात लावायचा नाही.

दुसरं काम : वायर, पोर्ट, बॅटरी

यूएसबी माऊस असेल तर काढून दुसऱ्या पोर्टला लावा, शक्यतो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर. मध्ये यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा, असेल तर तो काढा. वायरलेस असेल तर बॅटरी बदला, अगदी कर्सर हलत असला तरी बदला, कारण बॅटरी उतरत आली की काही माऊस अर्धवट वागायला लागतात, कर्सर ठीक आणि चाक अधूनमधून.

वायरलेसवाल्यांसाठी अजून एक गोष्ट जी पटकन सुचत नाही. माऊसचा यूएसबी पोर्टला लावायचा तो छोटा डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि यूएसबी ३.० चे पोर्ट, हार्डडिस्क, पेनड्राइव्ह चालू असताना जो विजेचा गोंगाट करतात तो पण याच पट्ट्यात पडतो, इंटेलनेच २०१२ मध्ये याबद्दल सविस्तर कागद काढला होता. म्हणजे डोंगलच्या बाजूलाच बाहेरची हार्डडिस्क लावलेली असेल आणि कॉपी चालू असेल तर माऊस अडखळणारच. डोंगल एखाद्या छोट्या एक्स्टेंशन वायरने टेबलावर आणून ठेवा, काम झालं. मात्र इथे कर्सर पण अडखळतो, एकटं चाक नाही, त्यामुळे कर्सर लोण्यासारखा सरकत असेल तर हे कारण सोडून द्या.

काही माऊसना चाकाच्या मागे एक छोटं बटन असतं, ते दाबलं की चाक खटक्यांशिवाय मोकळं गरगर फिरतं, परत दाबलं की खटके परत. ते चुकून दाबलं गेलं की माणसाला वाटतं चाक तुटलं. तुटलेलं नसतं, परत दाबा.

जुना गोल पिनवाला माऊस असेल तर

अजून बऱ्याच जुन्या डेस्कटॉपला मागे दोन गोल भोकं असतात, जांभळं कीबोर्डचं आणि हिरवं माऊसचं, त्याला पीएस/२ म्हणतात. या माऊसचं चाक न चालण्याची गोष्ट जरा निराळी आहे आणि ती कळली की सगळा घोळ सुटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पीएस/२ माऊस जन्माला आला तेव्हा त्याला चाक नव्हतंच. तो प्रत्येक हालचालीला ३ बाइट, म्हणजे माहितीचे तीन छोटे तुकडे, पाठवायचा, त्यात बटनं आणि आडवी-उभी हालचाल, बस. मग चाक आलं, आता चाकाची माहिती कुठे कोंबायची? तर ठरलं असं की चाकवाला माऊस पण सुरुवातीला बिनचाकाच्या माऊससारखाच वागणार, स्वतःचा ओळख क्रमांक ० सांगणार. कॉम्प्युटरला चाक हवं असेल तर त्याने माऊसचा निरोप पाठवायचा वेग आधी सेकंदाला २००, मग १००, मग ८० असा लागोपाठ बदलायला सांगायचा आणि परत ओळख विचारायची. ही खूण कळणारा माऊस आता ० ऐवजी ३ म्हणतो आणि त्यानंतर ३ च्या जागी ४ बाइट पाठवायला लागतो, चौथा बाइट चाकाचा.

ही सगळी बोलणी कॉम्प्युटर सुरू होताना होतात. त्यामुळे कॉम्प्युटर चालू असताना पीएस/२ माऊस काढून परत लावला की माऊस परत ० वर जातो, परत कोणी ती खूण करत नाही, आणि मग कर्सर चालतो, क्लिक चालतात, चाक मात्र मेलेलं. कधी कधी तर कॉम्प्युटर ४ बाइटची वाट बघत असतो आणि माऊस ३ च पाठवतो, मग कर्सर वेड्यासारखा कोपऱ्यात उड्या मारतो आणि आपोआप क्लिक होतात. उपाय एकच, कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, माऊस लावा, मग चालू करा. तसाही पीएस/२ चालू कॉम्प्युटरमध्ये काढायचा-घालायचा नसतो, तो त्यासाठी बनवलेलाच नाही.

एकाच कीबोर्ड-माऊसवर दोन कॉम्प्युटर चालवायचा स्विच, केव्हीएम म्हणतात तो, मध्ये असेल तर तो जुना स्विच ही खूण पुढे पोचवतच नाही असं होऊ शकतं. स्विच बाजूला काढून थेट लावून बघा. आणि यूएसबी माऊसला हिरवा गोल अडॅप्टर लावून वापरत असाल तर तो फक्त त्याच माऊसला चालतो ज्यांना दोन्ही भाषा येतात, अडॅप्टर स्वतः काही भाषांतर करत नाही, आतमध्ये नुसत्या वायरी इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात.

तिसरं काम : विंडोजला माऊस नव्याने ओळखायला लावा

आधी रीस्टार्ट. हसू नका, बऱ्याच जणांचं इथेच मिटतं. नाही मिटलं तर कीबोर्डवर विंडोजचं बटन धरून एक्स दाबा, जी यादी येईल त्यात डिव्हाइस मॅनेजर असतो तो उघडा. आत माईस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस असं लिहिलेलं असेल, त्यावर डबल क्लिक केलं की आत बहुतेक एचआयडी-कंप्लायंट माऊस दिसेल. त्यावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, हो म्हणा. आता कर्सर जागच्या जागी थिजेल, घाबरायचं नाही, माऊसची वायर काढून परत लावा, विंडोज काही सेकंदात स्वतःच त्याला परत ओळखतो आणि ड्रायव्हर बसवतो. पीएस/२ असेल तर वर सांगितल्याप्रमाणे बंद करूनच चालू करायचं. यादीत दोन-तीन माऊस दिसले तर दचकू नका, कीबोर्डचा डोंगल पण बऱ्याचदा स्वतःला माऊस म्हणून नोंदवतो.

विंडोज अपडेट झाल्यापासून चाक गेलं असेल तर त्याच ठिकाणी प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, मग रोल बॅक ड्रायव्हर असं बटन असतं, ते दाबता येत असेल तर दाबा. फिकट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लकच नाही, पुढे चला.

माऊस कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर एकदा ते बंद करून किंवा काढून बघा. माझं मत विचाराल तर साध्या तीन बटनांच्या माऊसला असल्या सॉफ्टवेअरची काही गरज नसते, विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरेसा आहे, आणि चाकाचा वेग, दिशा, खटके यांची सेटिंग दोन ठिकाणी असली की कोण कोणाचं ऐकतंय तेच कळत नाही. जास्तीची बटनं असलेला महागडा माऊस असेल तर गोष्ट वेगळी.

चौथं काम : सेटिंग

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ११ मध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस आणि त्यात माऊस, १० मध्ये नुसतं डिव्हायसेस आणि त्यात माऊस. इथे चाकाच्या तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, चाक फिरवल्यावर काही ओळी सरकणार की अख्खी स्क्रीन. वन स्क्रीन ॲट अ टाइम निवडलेलं असेल तर एका खटक्यात पान भुर्रकन निघून जातं आणि वाटतं चाक पिसाळलंय. मल्टिपल लाइन्स निवडा.

दुसरी, किती ओळी. हा आकडा १ ते १०० असा सरकवता येतो, मूळचा ३ असतो. कोणी तरी खेळत खेळत १ वर नेला असेल तर चाक अगदी मरतुकडं वाटतं, ५०-६० वर असेल तर काही वाचताच येत नाही. ३ ते ५ मध्ये ठेवा. आतली गंमत अशी की चाकाच्या एका खटक्याला विंडोज १२० असा आकडा प्रोग्रामकडे पाठवतो, ओळी वगैरे काही पाठवत नाही, १२० म्हणजे किती सरकायचं ते हा ओळींचा आकडा बघून प्रोग्रामने स्वतः ठरवायचं असतं. म्हणूनच एकच चाक एका प्रोग्राममध्ये जोरात आणि दुसऱ्यात हळू वाटतं, काही प्रोग्राम हे सेटिंग सरळ धाब्यावर बसवतात आणि आपलंच खरं करतात, त्यात तुमची किंवा माऊसची काही चूक नाही.

तिसरी, स्क्रोल इनॲक्टिव्ह विंडोज व्हेन हॉवरिंग ओव्हर देम असं लांबलचक नाव असलेलं बटन. हे चालू असेल तर कर्सर ज्या विंडोवर आहे ती सरकते, बंद असेल तर ज्या विंडोत शेवटचं क्लिक केलंय तीच सरकते, कर्सर कुठे का असेना. हे बंद असताना लोक दोन विंडो शेजारी उघडून एकीवर कर्सर नेतात, चाक फिरवतात, आणि सरकते दुसरीच, किंवा काहीच सरकत नाही. विंडोज ७ मध्ये ही सोयच नव्हती, आधी क्लिक करावंच लागायचं. चालू ठेवा.

चाक उलटं चालत असेल, म्हणजे खाली फिरवलं की पान वर, तर नवीन विंडोज ११ मध्ये याच पानावर दिशेचं सेटिंग आलंय. जुन्या विंडोजमध्ये ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन बदलावं लागतं, नवख्या माणसाने तिथे हात न घातलेला बरा, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिशा बदलता येते का ते आधी बघा.

मॅकवर उलटं वाटत असेल तर तो बिघाड नाही, २०११ मध्ये लायन नावाची मॅकची आवृत्ती आल्यापासून ॲपलने नॅचरल स्क्रोलिंग मूळचंच चालू ठेवलंय, म्हणजे फोनवर बोटाने कागद ढकलतो तसं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये माऊस उघडा आणि ते बंद करा. फक्त एक त्रास, माऊससाठी बंद केलं की ट्रॅकपॅडचं पण बंद होतं, दोघांचं बटन दिसायला दोन ठिकाणी असलं तरी आतून एकच आहे.

लिनक्सवर आजकाल चाक लावल्या लावल्या चालतं, दिशा वगैरे डेस्कटॉपच्या माऊस सेटिंगमध्ये मिळते. चाकाचा निरोप पोचतोय की नाही हे बघायचं असेल तर टर्मिनलमधून एक्सईव्ही (xev) नावाचा छोटा प्रोग्राम चालवा आणि त्याच्या पांढऱ्या चौकोनावर चाक फिरवा, वर फिरवल्यावर बटन ४ आणि खाली फिरवल्यावर बटन ५ असं उमटायला हवं, हो, लिनक्सच्या जुन्या पद्धतीत चाकाचा प्रत्येक खटका म्हणजे एक बटन दाबणं. हे आकडे उमटतायत तर माऊस ठणठणीत.

एकाच प्रोग्राममध्ये चालत नसेल तर

पान सरकायच्या ऐवजी लहानमोठं होतंय? ९९ वेळा कंट्रोलचं बटन अडकलेलं असतं. कंट्रोल धरून चाक फिरवणं म्हणजे झूम, आणि शिफ्ट धरून फिरवणं म्हणजे बऱ्याच प्रोग्राममध्ये आडवं सरकणं. कीबोर्डवरचे दोन्ही कंट्रोल आणि दोन्ही शिफ्ट एकदा नीट दाबून सोडा, खाली काही अडकलंय का बघा, कीबोर्ड काढून चाक फिरवून बघा. बिघडलेला झूम परत जागेवर आणायला ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि शून्य.

फक्त एक्सेलमध्येच झूम होत असेल तर कंट्रोलचा दोष नाही. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जा, झूम ऑन रोल विथ इंटेलिमाऊस अशी एक ओळ असते, तिच्यावर टिक असेल तर काढा. हा इंटेलिमाऊस म्हणजे मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलेला चाकवाला माऊस, त्यानेच हे चाक घराघरात पोचवलं, आणि त्याचं नाव एक्सेलच्या पोटात अजून तसंच पडलेलं आहे, त्यामुळे माझा माऊस तर वेगळ्या कंपनीचा आहे म्हणून लोक त्या ओळीकडे बघतच नाहीत. ते टिक सगळ्या कंपन्यांच्या चाकांना लागू होतं.

एक्सेलमध्ये चाक फिरवूनही काहीच हलत नसेल तर फ्रीझ पेन्स बघा. स्क्रीनवर दिसतायत तेवढ्या सगळ्या रांगा जर गोठवलेल्या असतील तर खाली सरकायला जागाच उरत नाही, व्ह्यू मध्ये जाऊन अनफ्रीझ करा. स्क्रोल लॉकचं बटन मात्र उगाच बदनाम आहे, नावात स्क्रोल असलं तरी ते बाणांच्या बटनांवर परिणाम करतं, चाकाला त्याचं काही देणंघेणं नाही.

ब्राउझरमध्ये एखाद्याच साइटवर चालत नसेल तर कर्सर कुठे आहे ते बघा. पानाच्या आत नकाशा किंवा छोटी सरकणारी चौकट असते, कर्सर तिच्यावर असला की चाकाचा निरोप तीच गिळते, कर्सर बाजूला रिकाम्या जागी न्या. सगळ्याच साइटवर अडत असेल तर त्यातली एखादी साइट इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा, तिथे चाललं तर कुठलं तरी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, मध्ये येतंय, एकेक बंद करत शोधा.

इथे एक सावधगिरी सांगतो, ऑनलाइन फॉर्म भरताना आकड्याच्या चौकटीत क्लिक करून आकडा टाकलात आणि मग कर्सर तिथेच ठेवून पान सरकवायला चाक फिरवलंत, तर काही फॉर्ममध्ये पान सरकत नाही, त्या चौकटीतला आकडाच एकेकाने बदलतो. ५०० टाकलेले ४९७ झालेले सबमिट केल्यावर कळतं. ड्रॉपडाउनचं पण तेच, महिना मार्च निवडलेला असतो आणि चाकाने तो मे करून टाकलेला असतो. म्हणून फॉर्ममध्ये चाक फिरवण्याआधी बाहेर रिकाम्या जागी एक क्लिक करायची सवय लावून घ्या.

चाक उड्या मारतंय : आता माऊसच्या आत

खाली फिरवलं की मध्येच वर जातं, किंवा चार खटके फिरवल्यावर एकदाच सरकतं, हे लक्षण असेल तर सेटिंगमध्ये काही सापडणार नाही, चाकाच्या बाजूला जो एन्कोडर नावाचा छोटा डबा असतो तो मळलाय किंवा झिजलाय.

हा डबा करतो काय? बहुतेक माऊसमध्ये तो मेकॅनिकल असतो, चाकाचा आस त्याच्या षटकोनी भोकात बसतो, आत पितळी चकतीवर दोन पत्त्या घासत असतात आणि चकती फिरली की दोन्ही पत्त्यांमधून वीज चालू-बंद होते. दोन्ही पत्त्या जरा पुढे-मागे बसवलेल्या असतात, त्यामुळे एकीचा निरोप आधी येतो, दुसरीचा नंतर, आणि आधी कोण आलं यावरून माऊस ठरवतो की चाक वर फिरतंय की खाली. आता पत्तीखाली धूळ, केसाचा तुकडा किंवा काळपट थर आला की तिचा निरोप तुटक तुटक येतो, आधी-नंतरचा क्रम चुकतो आणि माऊसला वाटतं की दिशाच बदलली. ही तुमची वर उडी. काही माऊसमध्ये पत्त्यांच्या जागी खाचांची चकती आणि प्रकाशाचा सेन्सर असतो, तिथे झीज होत नाही पण केस किंवा धूळ प्रकाशाच्या आड आली की गडबड तीच.

खात्री करायला एक्सेलची रिकामी शीट उघडा, रांगांना आकडे असतातच. पहिली रांग वर ठेवा, सेटिंग ३ ओळींचं असू दे, आणि चाक हळूहळू बरोबर १० खटके खाली फिरवा. साधारण ३० रांगा सरकायला पाहिजेत. २४ किंवा २१ च सरकल्या तर मधले खटके गिळले गेलेत किंवा उलटे मोजले गेलेत. मग हेच भराभर फिरवून बघा, हळू फिरवताना ठीक आणि जोरात चुकत असेल तरी दोष एन्कोडरचाच.

आधी न उघडता प्रयत्न करा. वायर काढा, वायरलेस असेल तर बॅटरी काढा. माऊस उलटा धरून चाकाच्या फटीत हवेच्या डब्याने छोटे छोटे फवारे मारा, हवेचा डबा उभाच धरा, आडवा केला की आतलं थंडगार द्रव बाहेर येतं. मग चाक दोन्ही दिशांना अर्धा-एक मिनिट जोरजोरात गरगर फिरवा, त्याने पत्त्यांवरचा थर घासून निघतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्या माऊसचं काम एवढ्यावर होतं, काही आठवडे तरी.

नाहीच झालं तर उघडायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबा आणि कंपनीकडे द्या, कारण उघडला की बहुतेक वेळा वॉरंटी गेली. स्क्रू दिसत नाहीत म्हणून लोक माऊस मोडतात, ते खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात, पट्टीची कड नखाने उचला, चिकट असेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करा. वरचं झाकण एका टोकाला नुसत्या खाचेत अडकलेलं असतं, त्यामुळे स्क्रू निघाल्यावर जोर न लावता हळूच उचला, झाकण आणि तळाच्या मध्ये पातळ पट्टीची वायर असू शकते, ती खसकन तुटते. उघडल्या उघडल्या मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा, चाक कुठल्या बाजूने बसलंय, स्प्रिंग कशी आहे, हे नंतर अजिबात आठवत नाही.

चाक वर उचला. एका बाजूचा आस एन्कोडरमधून निघेल, दुसरी बाजू एका छोट्या बटनावर टेकलेली असते, चाक दाबल्यावर जो मधला क्लिक होतो तो हाच. आसाभोवती बहुतेक वेळा केस गुंडाळलेले सापडतात, चिमट्याने काढा. चाकावरचं रबर हाताने धरून बघा, कधी कधी ते सैल होऊन नुसतं रबरच फिरत असतं आणि आतलं चाक जागच्या जागी, मग एन्कोडर बिचारा काय करणार, रबर चिकटवलं की झालं.

आता एन्कोडर. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब षटकोनी भोकाच्या कडेला आणि डब्याच्या फटीत सोडा, चाकाचा आसच परत घालून वीस-पंचवीस वेळा दोन्हीकडे फिरवा, सुकू द्या, परत एकदा तेच. भिजवून काढू नका, आतमध्ये खटक्यांसाठी थोडं ग्रीस असतं ते सगळं धुतलं गेलं की चाक चालतं पण खटके गुळगुळीत होऊन जातात. पाणी, अत्तर, सॅनिटायझर, गंज सोडवायचं तेल यातलं काहीही घालायचं नाही, तेलाने आज बरं वाटतं आणि नंतर त्यावरच धूळ बसून पहिल्यापेक्षा वाईट होतं. प्रकाशवाला प्रकार असेल तर थेंब नकोत, हवा आणि कोरडी कापसाची काडी पुरे.

डब्याच्या पाठीवर पत्र्याचे छोटे पाय वळवून दाबलेले दिसतात, तो पत्राच डबा घट्ट धरून ठेवतो. वापरून वापरून ते सैल होतात आणि आतल्या पत्त्यांवरचा दाब कमी होतो. बारीक पक्कडीने ते अगदी हलके दाबले तरी बऱ्याचदा उड्या थांबतात, पण अगदी हलके, जोर दिलात तर डबा तडकतो.

बंद करताना आधी चाकाचा षटकोनी आस भोकात पूर्ण बसलाय ना बघा, मग झाकण ठेवा, आणि सगळे स्क्रू आवळायच्या आधी माऊस लावून ते १० खटके परत मोजा. स्क्रू आवळल्यावर चाक जड झालं तर झाकण चाकाला घासतंय, उघडून नीट बसवा.

एवढं करूनही उड्या चालूच असतील तर एन्कोडर झिजलाय. तो सुटा मिळतो, तीन पाय असतात, पण उंची जुळायला हवी, ९, ११ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या उंचीचे असतात आणि चुकीचा आणला तर चाक एक तर झाकणात अडकतं किंवा तिरकं बसतं, त्यामुळे जुना मोजूनच आणा. सोल्डरिंग येत असेल तर करा, येत नसेल तर साध्या माऊससाठी शिकत बसण्यात अर्थ नाही, बदलून टाका. आणि चाक नीट फिरतंय, फक्त दाबल्यावर क्लिक होत नाही असं असेल तर एन्कोडरला हात लावू नका, ते बाजूचं छोटं बटन गेलंय, त्याच्याशिवाय चालत असेल तर तसाच वापरा, ब्राउझरमध्ये लिंक नव्या टॅबमध्ये उघडायला कंट्रोल धरून साधं क्लिक केलं तरी तेच काम होतं.